‘क्रिस्तपुराणा’तील संवाद : एक पुनर्विचार

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’कडे (रायतूर, १६१६) हिंदू-ख्रिस्ती संवादाचा आद्य मराठी नमुना म्हणून पाहिले जाते. ओवी, पुराणाची घाटणी, ‘वैकुंठ’सारखे शब्द यांमुळे ते स्वाभाविकही आहे. (आपल्या पाठ्यपुस्तकांत मात्र येते ती केवळ मराठीची स्तुती.) ग्रंथारंभीचा प्रसंग अधिक बोलका आहे. श्रोत्यांतील एक ब्राह्मण पाद्रींना सुचवितो, की आमची जुनी पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी दुसरी तरी रचावीत. साष्टीतील देवळे १५६७ मध्ये पाडली गेली होती, हे ध्यानात घेता या विनंतीत जिज्ञासेइतकीच हानीची जाणीव आहे. पुढे श्रोते शंका विचारतात आणि पाद्री निरसन करतात. श्रोत्यांच्या पूर्वश्रद्धेपासून पाद्रींना काही शिकावयाचे नसते. यास संवाद म्हणण्यापेक्षा प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षण म्हणणे युक्त. अन्य धर्मांतील सत्य व पवित्र अंश चर्च नाकारीत नाही, ही अधिकृत भूमिका दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये घेतली. तिच्या अभावाबद्दल स्टीफन्स यांना दोष देणे जितके अनैतिहासिक, तितकेच ती त्यांच्या ग्रंथात शोधणेही. तथापि श्रोत्याची ती खंत त्यांनी गाळली नाही; ग्रंथरचनेचे निमित्त म्हणून ती आरंभीच नोंदविली.