‘गे’ आणि ‘ग्रे’ : एका धर्मग्रामाची कहाणी

समलिंगी व्यक्ती आणि ख्रिस्तसभा या विषयावर गेल्या काही वर्षांत इंग्रजीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातील बरेचसे लेखन वादासाठी वाद अशा स्वरूपाचे असते. एक पक्ष वचने मोजतो, दुसरा अन्याय मोजतो आणि वाचक होता तेथेच राहतो. येशूसंघीय धर्मगुरू फादर डोनल गॉडफ्री यांचे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘गेज अँड ग्रेज’ हे पुस्तक या गर्दीत वेगळे वाटते, कारण ते एखाद्या मताविषयी नसून एका धर्मग्रामाविषयी आहे. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहराच्या कॅस्ट्रो भागातील ‘मोस्ट होली रिडीमर’, म्हणजे परमपवित्र तारणाऱ्याला वाहिलेले चर्च, हा त्याचा विषय. मराठी वाचकांना त्याचा परिचय करून द्यावा आणि ते वाचताना मनात आलेली एक शंकाही मांडावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

शीर्षकात एक श्लेष आहे. ‘गे’ म्हणजे समलिंगी पुरुष, हे आता कोणास सांगावे लागू नये. ‘ग्रे’ म्हणजे करडा रंग. येथे पिकल्या केसांची माणसे. ही दोन माणसे एका बाकावर कशी आली, ही या पुस्तकाची कहाणी.

कॅस्ट्रो भाग पूर्वी युरेका व्हॅली या नावाने ओळखला जाई. आयरिश, जर्मन वगैरे वंशाची कष्टकरी कुटुंबे तेथे राहत. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांची मुलेबाळे शहराबाहेरच्या नव्या वस्त्यांत गेली, घरे रिकामी पडली आणि सत्तरच्या दशकात अमेरिकेच्या कानाकोपऱ्यातून आलेल्या समलिंगी तरुणांनी ती घेतली. डोळ्यांदेखत गाव बदलणे म्हणजे काय, हे आपल्या किनारपट्टीवरील वाचकांस वेगळे समजावण्याची गरज नाही. हार्वे मिल्क हा या भागाने निवडून दिलेला उघडपणे समलिंगी असलेला नगरप्रतिनिधी. २७ नोव्हेंबर १९७८ रोजी नगरभवनात त्याचा आणि महापौर जॉर्ज मॉस्कोनी यांचा गोळ्या घालून खून झाला. मारेकरी डॅन व्हाइट हा त्याचा माजी सहकारी, आयरिश कॅथलिक घराण्यातला. हा तपशील मी मुद्दाम देत आहे. ज्या दोन समाजांच्या मीलनाची ही कथा, त्यांच्यामध्ये काय पडले होते, याची त्यावरून कल्पना यावी.

चर्चमधील बाके ओस पडत चालली होती. मागे राहिलेल्यांत वृद्ध माणसे, विशेषतः वृद्ध स्त्रियाच अधिक. १९८२ मध्ये फादर अँथनी मॅग्वायर तेथे प्रमुख धर्मगुरू म्हणून आले आणि परिसरात प्रत्यक्ष कोण राहते, हे पाहून त्यांनी कामास आरंभ केला. समलिंगी कॅथलिकांपर्यंत पोहोचण्यासाठी एक समिती नेमण्यात आली. परंतु समित्यांनी माणसे एकत्र येतात, असा माझा धर्मग्रामातील अनुभव नाही. तेथेही माणसे एकत्र आली ती वेगळ्याच कारणाने.

१९८१ पासून एड्स हा रोग उघडकीस येऊ लागला होता, आणि त्याच्या तडाख्यात सर्वांत आधी सापडलेल्या वस्त्यांपैकी कॅस्ट्रो ही एक. पंचविशी-तिशीचे तरुण काही महिन्यांत खंगून जात. कित्येकांच्या आईवडिलांनी पाठ फिरवलेली. अशा वेळी १९८५ मध्ये धर्मग्रामात एड्सग्रस्तांसाठी साहाय्यगट स्थापन झाला. ज्यांची स्वतःची मुले दूर राहावयास गेली होती, त्या म्हाताऱ्या बायका ज्यांच्या आया दुरावल्या होत्या त्या तरुणांच्या उशाशी बसू लागल्या. १९८७ मध्ये चर्चसमोरील जुन्या कॉन्व्हेंटच्या वास्तूत ‘कमिंग होम’ या नावाचे, मरणोन्मुख रुग्णांच्या सेवेचे निवासस्थान सुरू झाले. घरी येणे, असा त्या नावाचा अर्थ. जेथे एके काळी धर्मभगिनी प्रार्थना म्हणत, त्याच खोल्यांत हे तरुण शेवटचे दिवस काढू लागले. आपल्याला परिचित असलेल्या मदर तेरेसा यांनीही १९८५ च्या नाताळच्या पूर्वसंध्येला न्यूयॉर्कमध्ये एड्सग्रस्तांसाठी असेच एक घर उघडले होते.

ही कहाणी हृदयस्पर्शी आहे, आणि नेमकी येथेच माझी शंका सुरू होते. आजाऱ्याची कणव येणे, ही ख्रिस्ती मनाला सोपी गोष्ट आहे. मत्तयच्या शुभवर्तमानातील पंचविसाव्या अध्यायाचे संस्कार आपल्यावर लहानपणापासून झालेले असतात. खाटेवर पडलेल्या माणसाला आपण त्याचे जीवन विचारीत नाही. परंतु तोच तरुण बरा असता, नोकरी करीत असता, आपल्या सोबत्याचा हात धरून रविवारच्या मिस्साला आला असता, तर? मरणाऱ्याला जागा देणारे हे चर्च जगणाऱ्यालाही जागा देते काय, हा या पुस्तकाच्या वाचकाने विचारावयाचा खरा प्रश्न आहे.

ख्रिस्तसभेच्या वर्तनातही या दोन गोष्टी वेगळ्या दिसतात. १ ऑक्टोबर १९८६ रोजी श्रद्धासिद्धांत मंडळाने समलिंगी व्यक्तींच्या आध्यात्मिक सेवेसंबंधी काढलेले पत्र शिकवणुकीच्या बाबतीत कठोर होते. त्यानंतर वर्षभराने, सप्टेंबर १९८७ मध्ये, पोप दुसरे जॉन पॉल सॅन फ्रान्सिस्कोत आले. कॅस्ट्रोपासून चालत जाता येईल अशा मिशन डोलोरेस चर्चमध्ये ते एड्सग्रस्तांना भेटले आणि एका आजारी बालकाला त्यांनी कवेत घेतले. पत्र आणि आलिंगन एकाच ख्रिस्तसभेचे. १९९२ च्या कॅटेकिझममध्ये या दोन्हींना शेजारी-शेजारी स्थान मिळाले आहे. समलिंगी संबंधांना संमती नाही; व्यक्तीचा मात्र आदराने, कनवाळूपणे आणि हळुवारपणे स्वीकार करावा, असे २३५७ ते २३५९ हे परिच्छेद सांगतात. त्या तीन क्रियाविशेषणांतील कनवाळूपणा आपण पटकन उचलतो. आदर मात्र मागे राहतो, कारण आदर हा निरोगी, ताठ मानेने उभ्या असलेल्या माणसाचा करावयाचा असतो.

गॉडफ्री यांच्या पुस्तकाचे मोल असे की ते केवळ रुग्णसेवेची गाथा सांगून थांबत नाही. तेथील समलिंगी बांधव वेदीजवळ वाचन करतात, गायनात असतात, धर्मग्रामाचा कारभार वाहतात. त्यांचे असणे ही त्या चर्चमध्ये सहन करण्याची नव्हे, तर आनंदाची बाब मानली जाते. इंग्रजीत मिस्सा आणि सण या दोहोंसाठी ‘सेलिब्रेट’ हा एकच शब्द चालतो. आपण मिस्सा अर्पण करतो आणि सण साजरा करतो. म्हणून त्यांचा हा आनंद आपल्या भाषेत चटकन बसत नाही.

या आनंदाची परीक्षाही झाली. ऑक्टोबर २००७ मध्ये आर्चबिशप जॉर्ज निडरॉअर या चर्चमध्ये मिस्सासाठी आले असता, धर्मभगिनींच्या पोशाखाची नक्कल करणाऱ्या एका मंडळाच्या दोन सदस्यांनी त्यांच्या हातून कम्युनियन घेतले. मोठा गदारोळ झाला आणि आर्चबिशपांनी जाहीर क्षमा मागितली. धर्मवस्त्राची थट्टा मला रुचत नाही. ज्या कॉन्व्हेंटने आपल्या खोल्या मरणाऱ्यांना दिल्या, त्याच्यासमोर तर ती अधिकच खटकते. परंतु एका सकाळच्या या घटनेवरून पंचवीस वर्षांच्या धर्मग्रामाला तोलणारे लोक पाहिले की लूकच्या पंधराव्या अध्यायातील थोरला भाऊ आठवतो. दृष्टांतातील धाकट्याशी या तरुणांची तुलना करण्याची प्रवचनकारांची सवय मला मान्य नाही. त्यांतील कित्येकांनी काहीच उधळले नव्हते, त्यांना घराबाहेर काढण्यात आले होते. थोरल्याचे मात्र अगदी बरोबर जुळते. तो शेतावरून आला तेव्हा त्याच्या कानी आधी वाजंत्री पडली, आणि तो दाराबाहेर अडून बसला.

मराठी साहित्यात या विषयाला वाचा फुटली ती प्रामुख्याने एकाकीपणाच्या रूपाने. विजय तेंडुलकरांचे १९८१ मध्ये रंगभूमीवर आलेले ‘मित्राची गोष्ट’ घ्या. त्यातील सुमित्राला बापूसारखा एक मित्र आहे, पण समाज नाही, आणि तिचा शेवट आत्मनाशात होतो. व्यक्तीची व्यथा तेंडुलकरांनी ज्या धारदारपणे मांडली, तसे गॉडफ्री यांना साधलेले नाही. ते कलावंत नव्हेत. परंतु तिला सामावणारे घर कसे असते, याचे चित्र मला त्यांच्या पुस्तकात सापडले.

अशा इतिहासाला एक अंगभूत मर्यादाही असते. जे राहिले, त्यांच्याच तोंडून तो सांगितला जातो. जी जुनी कुटुंबे काही न बोलता दुसऱ्या चर्चमध्ये जाऊ लागली असतील, त्यांचेही ऐकावयास मला आवडले असते. ती सगळीच निष्ठुर नसावीत. काहींना नुसते आपले चर्च परके झाल्यासारखे वाटले असेल.

आपल्याकडे ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ कायम ठेवले, तेव्हा मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ऑस्वल्ड ग्रेशस यांनी समलिंगी व्यक्तींना ख्रिस्तसभा गुन्हेगार मानीत नाही, हे स्पष्ट केले होते. ६ सप्टेंबर २०१८ रोजी कायदाही बदलला. घरे मात्र कायद्याने बदलत नाहीत. मुलगा परगावी असतो, एवढेच सांगून विषय बदलणारे आईबाप प्रत्येक धर्मगुरूच्या परिचयाचे असतात.

पुस्तक अभ्यासकी वळणाचे आहे. इंग्रजीही सोपे नाही. धर्मग्रामांतील वाचनमंडळांनी ते आरंभापासून न वाचता एड्सच्या काळाविषयीच्या पानांपासून सुरुवात करावी, आणि वाचनाला शक्य तर आपल्या गावातील वयोवृद्ध बायकांना आवर्जून बोलवावे. त्या पानांतील निम्मी गोष्ट त्यांचीच आहे.