कवच, सफाई आणि सैतान : दक्षिण अमेरिकी मार्जारमिनांच्या वर्णनांची चिकित्सा

मार्जारमीन म्हटले की मराठी वाचकासमोर मागूर किंवा शिंगाळा, म्हणजे खवले नसलेल्या उघड्या कातडीचा मिशाळ मासा उभा राहतो. दक्षिण व मध्य अमेरिकेच्या गोड्या पाण्यात मात्र याच गणातील काही कुळांनी अस्थिमय पट्टांचे आवरण धारण केले आहे. त्यांपैकी लोरिकॅरिइडी हे कुळ सर्वांत मोठे असून त्यात हजाराहून अधिक जाती आहेत. या माशांचे तोंड चकतीसारखे असते व त्याच्या साहाय्याने ते दगडाला चिकटून राहतात. कॅलिक्थिइडी कुळातील माशांच्या अंगावर दोन्ही बाजूंस पट्टांच्या दोन-दोन ओळी असतात. लॅटिन भाषेत 'लोरिका' म्हणजे रोमन सैनिकाचे चिलखत. अर्थात शास्त्रीय नावातच रूपक आहे. पुढे शोभिवंत माशांच्या व्यापाराने यांना 'टाकी साफ करणारा' हे बिरुद दिले, तर मेक्सिकोत ते 'सैतान मासा' ठरले. ही नावे केवळ ओळखीपुरती राहिली असती तर आक्षेपाचे कारण नव्हते. प्रत्यक्षात त्यांचाच उपयोग स्पष्टीकरण म्हणून केला जातो आणि निरीक्षण मागे पडते.

प्रथम चिलखताचा विचार करू. कवच आहे म्हणून मासा निर्धास्त असतो, हे गृहीतक मेरी पॉवर यांनी पनामातील रिओ फ्रिहोलेस या ओढ्यात केलेल्या व 1983-84च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या अभ्यासापुढे टिकत नाही. या ओढ्याच्या काठालगतच्या उथळ पाण्यात शैवल भरपूर वाढलेले असे. खोल भागातील दगड मात्र खरवडून उघडे पडलेले असत. असे असूनही मोठे कवचधारी मासे उथळ पाणी टाळीत. कारण तेथे मासेखाऊ पक्ष्यांचे भय होते. अन्नाची टंचाई असतानाही हा पट्टा मोठ्या प्रमाणात अस्पर्श राहिला. उन्हातील डोहांत माशांची गर्दी अधिक आणि सावलीतील डोहांत कमी असे. परिणामी दोन्हीकडे प्रत्येक माशाच्या वाट्याला येणारे अन्न जवळजवळ सारखेच राही. या वर्तनात सफाईचे व्रत कोठेही दिसत नाही. दिसते ती भूक आणि भीती यांची तडजोड. ज्याला 'सफाई' म्हटले जाते ती तिची खूण आहे, आणि जेथे भीती वरचढ ठरते तेथे सफाई होत नाही, ही बाब लोकप्रिय वर्णनांत येत नाही.

लाकूड खाणाऱ्या पानाक या प्रजातीसंबंधीचा घोटाळा अधिक बोधप्रद आहे. चमच्यासारखे दात आणि आतड्यात सापडणारा लाकडाचा भुसा या दोन गोष्टींवरून हा मासा वाळवीप्रमाणे लाकूड पचवतो, असा समज रूढ झाला. 'खाल्ले' आणि 'पचवले' यांतील अंतर येथे सहज ओलांडले गेले. डोनोव्हन जर्मन यांच्या 2009च्या अभ्यासात असे आढळले की, लाकूड चार तासांच्या आत आतड्यातून बाहेर पडते. इतक्या अल्पावधीत सेल्युलोजचे किण्वन होणे कठीण असते. केवळ लाकडावर ठेवलेल्या माशांचे वजनही घटले. लाकूड कुजताना निर्माण होणारी द्रव्ये व त्यावरील सूक्ष्मजीव हेच त्याचे खरे अन्न असावे, हे या अभ्यासाचे प्रतिपादन अधिक पटणारे आहे.

पितृसंगोपनाची उपेक्षा तर जवळजवळ सार्वत्रिक आहे. होप्लोस्टर्नमचा नर पाण्यावर फेसाचे घरटे रचून त्याची राखण करतो. अँसिस्ट्रसचा नर पोकळीत अंडी सांभाळतो. त्याच्या मुस्काटावरील मांसल धागे पिलांचा आभास निर्माण करून मादीला आकर्षित करीत असावेत, असे अनुमान सबाज, आर्मब्रस्टर व पेज यांनी 1999मध्ये मांडले. ते आकर्षक आहे, परंतु अनुमान म्हणूनच वाचले पाहिजे. टेरिगोप्लिक्थिसचा नर काठाच्या मातीत बीळ खणतो. मेक्सिको व फ्लोरिडात काठ ढासळण्यास हीच बिळे कारणीभूत ठरत असल्याच्या तक्रारी आहेत. ज्याला विध्वंस म्हटले जाते, ते माशाच्या दृष्टीने सूतिकागृह होय.

'सैतान' या नावाचीही हीच गत आहे. मेक्सिकोतील इन्फिएर्निल्यो जलाशयात टिलापियाची मासेमारी ढासळली तेव्हा सारा रोष या माशावर आला. तेथील टिलापियाही मूळचा आफ्रिकेचा, बाहेरून आणलेलाच, हे सांगताना मात्र फारसे कोणी दिसत नाही. तथापि हानी काल्पनिक आहे, असा याचा अर्थ नव्हे. कॅप्स व फ्लेकर यांनी चाकामाक्स नदीवर केलेल्या व 2013मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार या माशांच्या अस्थिमय आवरणात फॉस्फरस मोठ्या प्रमाणावर साठून राहतो, तर त्यांच्या उत्सर्जनातून नायट्रोजन व फॉस्फरस पाण्यात पडत राहतात. त्यामुळे नदीतील पोषकद्रव्यांचे वाटपच बदलते. कवचाचा हा अर्थ रोमन चिलखताच्या रूपकात मावत नाही. संरक्षणाइतकेच ते खनिजांचे कोठार आहे.

भारतात केरळ, तमिळनाडू, आंध्र प्रदेश आणि पूर्व कोलकात्याच्या पाणथळ भूमीत हे मासे सापडले आहेत. ते शोभिवंत माशांच्या व्यापारातून आले, याविषयी दुमत नाही. मुंबई-पुण्याच्या दुकानांत बोटभर लांबीचा 'सकर' आजही काच स्वच्छ ठेवणारा म्हणून विकला जातो. तो सुमारे अर्ध्या मीटरपर्यंत वाढू शकतो, हे ग्राहकास क्वचितच सांगितले जाते. टाकी अपुरी पडली की तो तलावात जातो. शिवाय त्याच्या जठरात हवेतून प्राणवायू घेण्याची सोय असल्याने तळे आटवूनही त्याचा नायनाट होईलच असे नाही. भारतीय नोंदींचा भर बहुधा स्थळ, लांबी व वजन यांवर असतो. विणीचा हंगाम, काठावरील बिळांची संख्या आणि आतड्यातील द्रव्य यांच्या नोंदी त्या मानाने विरळ आहेत. नियंत्रणासाठी मात्र त्यांचीच गरज अधिक आहे.