'बेस्ट'च्या पोटात 'बेटर'?

शाळेत गुड, बेटर, बेस्ट या तीन पायऱ्या म्हणून पाठ करून घेतात. जोनाथन बोबालिक यांचं 'युनिव्हर्सल्स इन कम्पॅरेटिव्ह मॉर्फॉलॉजी' (2012) म्हणतं, पायऱ्या नाहीत. तमभावाच्या पोटात तरभाव असतो. म्हणून तरभावात मूळ शब्द बदलला की तमभावात तो परत येत नाही. 'गुड, बेटर, गुडेस्ट' चालत नाही. तिन्ही वेगळे मात्र चालतात, लॅटिनमध्ये आहेतच: बोनुस, मेलिओर, ऑप्टिमुस.

दावा खोडता येण्याजोगा आहे, हे मला फार आवडतं. पण एकट्या इंग्रजीवर विसंबाल तर फसाल. 'टॉलेस्ट'मध्ये 'टॉलर' दिसतो कुठे? शिवाय असे बदलणारे शब्द मूठभरच. फारसीत बघा, बेहतर आणि बेहतरीन. तिथे पोट उघडंच आहे.

आता मराठी. 'सगळ्यांपेक्षा उंच'मध्ये 'पेक्षा' आहे, 'सगळ्यांत उंच'मध्ये नाही. सापडला अपवाद, म्हणून लगेच प्रपोजल लिहायला बसू नका हं! नियम शब्दाच्या आतल्या रचनेचा आहे, आणि आपला 'उंच' दोन्हीकडे जसाच्या तसा. माझी तक्रार इथेच आहे: शब्दच बदलत नाही तिथे हा नियम काहीच सांगत नाही. मराठीत तरभाव शोधायचा तर अर्थाच्या चाचण्या लागतील.