ठेका कुणाचा?

२०१५च्या 'ब्रिटन्स गॉट टॅलेंट'ची फायनल यूट्यूबवर सापडते. पोलिसीण झालेली ज्यूल्स ओड्वायर आणि सॉसेज पळवणारा तिचा कुत्रा मतीस. गोष्ट गोड आहे. कुत्रा तारेवरून चालतो, जोडी जिंकते. मग कळतं, तारेवर मतीस नव्हताच, त्याच्यासारखा दिसणारा चेस होता. तक्रारी झाल्या, 'ऑफकॉम'नेही प्रेक्षकांची दिशाभूल झाल्याचं ठरवलं.

सिनेमात डबल चालतो. इथे तो खुपतो, कारण या प्रकारातली सगळी मजा एका जोडीच्या ओळखीत आहे. आज्ञापालनाच्या स्पर्धांना संगीत जोडून हा खेळ तयार झाला. इंग्लंडमध्ये मेरी रे हिने तो लोकप्रिय केला, आणि 'क्रफ्ट्स'मध्ये आता त्याच्या रीतसर स्पर्धा होतात. एका प्रकारात कुत्रा माणसाच्या पायाला लागून चालतो, दुसऱ्यात मोकळा असतो. रिंगणात खाऊ न्यायचा नाही. गुपित असं, की बहुतेक वेळा कुत्रा गाण्यावर नाचत नाही, त्याच्या दुडक्या चालीला जुळेल असं गाणं निवडलेलं असतं. तो बघतो खांद्याचा कल, हाताची खूण. ठेका धरायचा असतो तो माणसाने.

म्हणून मला कॅरोलिन स्कॉट आणि तिचा गोल्डन रिट्रीव्हर रुकी मतीसपेक्षा कितीतरी सरस वाटतात. 'ग्रीस'मधलं गाणं, गोष्टबिष्ट काही नाही, रुकीची नजर सतत तिच्यावर.

आमच्या मानपाड्यात हे सगळं मोबाईलवरच बघायचं. (मानपाडा डोंबिवलीचा की ठाण्याचा, हा वाद इथे नको.) फीडमध्ये त्याच्यामागोमाग येतात ती आपली रील्स: पुढचे पाय धरून उभा केलेला पामेरियन, वर ढोलकी, मागे हसणारं घर. हे वाईट नृत्यसुद्धा नाही. पाय सोडून बघा, तो लगेच खाली बसेल. आपल्याकडे २००१च्या नियमांनुसार प्राण्यांच्या जाहीर खेळांना नोंदणी लागते. दिवाणखान्यातल्या या खेळाला कोण विचारणार?

आणि हे त्या मुलखात, जिथे खंडोबासोबत कुत्रा असतो. जेजुरीच्या परंपरेत जुने वाघ्ये स्वतःच देवाचे कुत्रे व्हायचे, भुंकायचे, कोटंब्यातलं अन्न खायचे. कुत्र्याला माणसासारखं उभं करण्याऐवजी माणूसच खाली वाकायचा. कॅरोलिनला खंडोबा ठाऊक असायचं कारण नाही, पण तिचा नाच मला वाघ्याच्या जवळचा वाटतो.

आवाज बंद करून दोन्ही व्हिडिओ बघा. मतीसची गोष्ट तरीही कळते. रुकीच्या व्हिडिओत मात्र एक बाई कुत्र्याच्या पावलाला पाऊल जुळवताना दिसते.