शैलीचा आग्रह आणि शिक्षकाची कारकीर्द

चित्रकाराच्या कारकिर्दीचा विचार करताना आपली समीक्षा बहुधा शैलीची एकसंधता शोधते. आरंभीचे चाचपडणे, मग स्वतःची वाट सापडणे आणि अखेरीस तिची परिपक्वता, हा कथनाचा घाट तिने चरित्रलेखनाकडून घेतला आहे. नारायण श्रीधर बेंद्रे (१९१०-१९९२) यांच्यापुढे तो अपुरा ठरतो.

इंदूरच्या मराठी कुटुंबात जन्मलेल्या बेंद्रे यांचे आरंभीचे कलाशिक्षण तेथेच दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांच्या हाताखाली झाले. पुढे काश्मीर, १९४५मध्ये शांतिनिकेतन, १९४७-४८मध्ये अमेरिका असा त्यांचा प्रवास झाला. निसर्गदृश्ये, १९५५चे राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त 'काटा', घनवादी आणि अमूर्त रचना, उत्तरकाळातील ठिपक्यांची चित्रे यांना एका शैलीच्या सूत्रात ओवता येत नाही. म्हणूनच 'बेंद्रे यांचे स्वतःचे असे काय?' हा प्रश्न उपस्थित होतो.

या प्रश्नाचे उत्तर केवळ कॅनव्हासवर शोधणे योग्य नाही. १९५०मध्ये बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललितकला विभाग सुरू झाला आणि चित्रकलेची धुरा बेंद्रे यांच्याकडे आली; १९५९मध्ये ते अधिष्ठाता झाले व १९६६मध्ये तेथून बाहेर पडले. ज्योती भट्ट, शांती दवे, गुलाममोहम्मद शेख हे त्यांचे विद्यार्थी. मुद्राचित्रण व छायाचित्रण, अमूर्त चित्रण, कथनपर चित्रण अशा त्यांच्या वाटा परस्परांहून भिन्न झाल्या. यांपैकी एकाचेही चित्र बेंद्रे यांच्या चित्राची प्रतिकृती वाटत नाही. एका शैलीत न स्थिरावलेला शिक्षक विद्यार्थ्यांपुढे उत्तर ठेवत नाही, शक्यता ठेवतो. या अर्थी त्यांची बहुविधता ही अध्यापनाचीच एक पद्धती होय.

प्रभाव म्हणजे साम्य, हे समीकरण साहित्यविचारातही रूढ आहे. वस्तुतः ते आपल्याच परंपरेला मान्य नाही. गंगाखेडच्या जनाबाई आपल्या नाममुद्रेत नामदेवांचे दास्य सांगतात; परंतु दळणकांडणाच्या अनुभवातून घडलेला अभंगातील स्वर त्यांचाच असतो. ऋण आणि अनुकरण या दोन भिन्न कोटी आहेत.

अर्थात या भूमिकेने बेंद्रे यांची सर्व चित्रे दोषमुक्त होत नाहीत. मुंबईतील उत्तरकाळात ठिपका कित्येकदा शोधाचे साधन न राहता अलंकरण बनतो. तंत्रावरील प्रभुत्व आशयाला मागे सारते. हा आक्षेप त्या त्या चित्राच्या संदर्भात अवश्य घ्यावा. मात्र कारकिर्दीचे मूल्यमापन करताना अध्यापनाला चरित्रातील तपशील मानून परिशिष्टात टाकणारी समीक्षा कलावंताच्या निर्मितीचा एक मोठा भाग वाचायचाच सोडून देते.