‘चक्र’ : कादंबरी आणि बोलपट

कै. जयवंत दळवी यांची ‘चक्र’ ही कादंबरी १९६३ साली प्रसिद्ध झाली; तीवरून रवींद्र धर्मराज यांनी काढलेला हिंदी बोलपट १९८१ सालचा. दोहोंत मुंबईची झोपडपट्टी तीच. अम्मा, तिचा मुलगा बेनवा आणि लुक्का हीही तीच. बेनवा लुक्काच्याच वाटेला लागतो, हेच ते चक्र. तथापि दोन्ही कृतींचा परिणाम सारखा होत नाही. आमच्या मते याचे कारण पाहणाराच्या जागेत आहे.

कादंबरी वाचकाला झोपडीत नेऊन बसविते. पांढरपेशा माणसाची कीव तेथे कोणी मागत नाही. बोलपटाचा हेतूही शुद्धच आहे, आणि स्मिता पाटील यांना अम्माच्या भूमिकेबद्दल राष्ट्रीय पारितोषिक मिळाले ते यथायोग्यच होय. परंतु उघड्यावर स्नान करणाऱ्या अम्माचे चित्र जाहिरातीच्या फलकांवर लागले आणि त्याचा अर्थ पालटला. घरात न्हाणी नसणे ही तिची विपन्नावस्था. फलकावर ती येणाऱ्याजाणाऱ्याची करमणूक झाली. याचा दोष एकट्या जाहिरातदारास देता येत नाही. तसा फलक पाहून तिकीट काढणारे असतात, म्हणूनच तो लागतो.

बोलपटाच्या अखेरीस झोपड्यांवर बुलडोझर फिरतो. तो प्रसंग परिणामकारक आहे, पण तोही आपण बाहेरूनच पाहतो. घाटकोपरकडील आमच्या कित्येक वाचकांना टेकडीवरच्या झोपड्या खिडकीतून रोज दिसतात. बोलपटाने त्यांना आणखी एक खिडकी दिली. आत डोकावण्याची ज्यांची तयारी असेल, त्यांनी दळवींची कादंबरी अवश्य वाचावी.