‘मॉर्गेज’ शब्दांत मृत कोण?

‘मॉर्गेज’ हा जुन्या फ्रेंचांतील ‘मोर्त’ म्हणजे मृत व ‘गाज’ म्हणजे तारण या दोन पदांचा समास होय, याविषयीं वाद नाहीं. ‘गाज’ हें पद मूळचें जर्मानिक; त्याच्या आद्य वकाराचा फ्रेंचांत गकार झाला, आणि लॅटिन लेखांत तेंच ‘वादियुम्’ या रूपानें आढळतें. प्रश्न इतकाच कीं, येथें मेलें कोण?

कायद्याच्या पुस्तकांतून बहुधा लिटल्टनचें उत्तर दिलें जातें. पंधराव्या शतकांत इंग्लंडच्या न्यायालयीन फ्रेंच भाषेंत लिहिणारा हा ग्रंथकार म्हणतो कीं, ऋणकोनें मुदतींत रक्कम न दिल्यास जमीन त्यास मेली. दिल्यास धनकोस मेली. कोकनें १६२८ सालीं त्यावर भाष्य प्रसिद्ध केलें व ही उपपत्ति रूढ झाली. ती चतुर खरी. परंतु ती लिटल्टनच्या काळच्या सशर्त हस्तांतरणास जुळते, शब्दाच्या जन्मकाळास नव्हे.

ग्लॅन्व्हिलच्या नांवावर चालणारा ग्रंथ ११८७ ते ११८९ च्या सुमाराचा आहे. त्यांत तारणाच्या उत्पन्नानें ऋण मुळींच कमी होत नसेल तर तें तारण मृत, असें सांगितलें आहे. असा व्यवहार राजाच्या न्यायालयास निषिद्ध नव्हता. तथापि तो कुसीद गणला जाई, आणि तो करीत असतां मेलेल्या धनकोस व्याजखोराची गति प्राप्त होई. उत्पन्न ऋणांत वजा होणारें तारण तें ‘व्हीफ गाज’, म्हणजे जिवंत. ११६३ च्या तूर येथील धर्मपरिषदेनें धर्मोपदेशकांना मृत तारणाची मनाई केली, ती याच कारणास्तव. तेव्हां मृत होतें तें उत्पन्न. जमीन नव्हे, पक्षकारही नव्हे.

मिताक्षरेंतील भोग्याधि व क्षयाधि यांचा भेद वाचकांस येथें आठवेल. एकांत फलभोग व्याजाच्या ठायीं, दुसऱ्यांत तो ऋण फेडणारा. हें साम्य व्यवहाराच्या स्वरूपामुळें आहे. त्यावरून उसनवारीची कल्पना करूं नये.

आमच्या संग्राहकांनीं मात्र यांतून एक बोध घ्यावा. ताब्यासह दिलेल्या गहाणखताची नोंद नुसती ‘मॉर्गेज’ म्हणून केल्यास शब्द मिळतो, पण व्यवहार हरवतो. पीक व्याजांत जाई कीं मुदलांत, हें कागदांत असेल तर यादींतही आलें पाहिजे. कुळाची जमीन सुटण्याची आशा त्याच एका वाक्यावर अवलंबून होती.